आवाज न करणारं कार्ड

हिरव्या कापडावर अकरा स्क्रू होते. त्यातला एक बाकीच्यांपेक्षा दोन मिलिमीटर लांब होता, म्हणून तो मी वेगळ्या झाकणात ठेवला. शेजारी लॅपटॉपचा तळ, कळफलक, आणि आतून काढलेली हार्ड डिस्क. तिच्या मागे दोन रांगांत चव्वेचाळीस पिना, एकही वाकलेली नाही. उजव्या हाताला तिची जागा घ्यायला आलेले तिघे उमेदवार: पुण्याच्या जुन्या बाजारातून मागवलेली एक डिस्क, कोल्हापूरच्या दुरुस्तीवाल्याने दिलेली दुसरी, आणि काड्यापेटीएवढं एक मेमरी कार्ड, डिस्कच्या जागी बसवायच्या पट्टीसकट.

"मोजून झालं?" एस्तेरबाईंनी विचारलं.

"झालं."

"लिहून ठेव. नंतर एक कमी निघाला तर माझ्या नावावर जाईल. मी टेबलाला हात लावलेला नाही."

हे मिरजेला अंध मुलांच्या एका शाळेत घडलं, दोन हजार नऊच्या नोव्हेंबरात. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन चार महिने झाले होते. सांगलीच्या एका कॉलेजात तासिकेवर प्रात्यक्षिकं घ्यायची आणि उरलेल्या वेळात जे बिघडलेलं दिसेल ते उघडायचं. शाळेचे मुख्याध्यापक जमादार सर माझ्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांनी निरोप पाठवला, की आमच्या ब्रेल विभागातला चौदा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप अखेरचे श्वास मोजतोय, मृदुलाला बघायला सांगा.

ब्रेल विभाग म्हणजे मागच्या बाजूची एक लांबट खोली आणि एस्तेर रणभिसे. वय अठ्ठेचाळीस, चौथ्या वर्षी गोवर आला त्यात दृष्टी गेली. त्याच शाळेत शिकल्या आणि सतरा वर्षं तिथेच ब्रेल पुस्तकं तयार करत होत्या. दहावीच्या वर्गात त्या वर्षी सात मुलं होती. त्यांचं विज्ञानाचं पुस्तक बदललं होतं आणि नवं पुस्तक ब्रेलमध्ये कुठेच तयार नव्हतं. ते एस्तेरबाई करत होत्या. चारशे चौऱ्याऐंशी पानं झाली होती, दीडशेच्या आसपास उरली होती, आणि मार्चमध्ये परीक्षा होती.

त्यांची पद्धत मी पहिल्या दिवशी जवळजवळ तासभर बघत बसले. शाळेतल्या एका निवृत्त शिक्षिकेने पुस्तक मोठ्याने वाचून कॅसेटवर उतरवलं होतं. कॅसेटप्लेअर टेबलाखाली. तो थांबवायचा आणि सुरू करायचा खटका त्यांच्या डाव्या पायाशी. एक इअरफोन डाव्या कानात, दुसरा गळ्यात लोंबता. कळफलकावरच्या फक्त सहा कळा त्या वापरायच्या, ब्रेलच्या सहा ठिपक्यांच्या, आणि एका अक्षराच्या सगळ्या कळा एकदम दाबायच्या. पान भरलं की अंगठ्याने स्पेसबार दोनदा. मग पान जतन व्हायचं. पडदा त्यांना लागत नव्हता. तो बरेचदा अर्धा मिटलेलाच असायचा.

हा प्रोग्रॅम लिहिणारे गृहस्थ कधीच परदेशी गेले होते. प्रोग्रॅमला आवाज नव्हता. तो जे काही सांगायचा ते पडद्यावर.

जमादार सरांच्या डोक्यात दुसरा पर्याय तयार होता. व्हरांड्यात त्यांनी मला तो आवाज खाली आणून सांगितला. नवा कॉम्प्युटर घ्यायचा, एक डोळस टायपिस्ट बसवायचा, तो साधं मराठी टाइप करेल, ब्रेलमध्ये रूपांतर मशीनच करेल. एस्तेरबाई छापून आलेली पानं बोटांनी तपासतील.

"त्यांचा पगार तोच राहील," सर म्हणाले. "त्यांना मी वाऱ्यावर सोडणार नाही. पण हे यंत्र दर आठवड्याला रुसायला लागलं तर सात मुलांचं वर्ष जाईल."

सर वाईट नव्हते. त्यांचं गणित मला पटलंसुद्धा. मात्र आत आल्यावर एस्तेरबाई म्हणाल्या, "बोलले का? व्हरांड्यात गेले म्हणजे टायपिस्टचंच असणार."

"मग? तुम्हाला चालेल?"

त्या मग म्हणाल्या, "या खोलीत मी सकाळी कुलूप काढतो आणि संध्याकाळी लावतो. मधल्या वेळात मला कुणाला काही विचारावं लागत नाही. शाळेत अशी दुसरी खोली नाही गं माझ्यासाठी."

आमच्याकडच्या बऱ्याच बायकांसारखं त्या 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या. मी म्हटलं, तुमची खोली तुमचीच राहील. हे म्हणताना मला कार्डाबद्दल पूर्ण खात्री होती.

खात्रीला आधार होता. मी तिन्ही उमेदवार मोजून बघितले होते. आजच्या मोठ्या डिस्क त्या लॅपटॉपला चालतच नव्हत्या. अर्धा गिगाबाइटच्या पुढे त्याची मोजणी संपायची. पुण्याच्या डिस्कवर एकही खराब, म्हणजे लिहिलेलं न टिकणारी, जागा नव्हती, पण ती पंधरा वर्षं जुनी होती. कोल्हापूरच्या डिस्कवर चौदा खराब जागा निघाल्या, सगळ्या एकाच पट्ट्यात. कार्ड नवंकोरं होतं. त्यात फिरणारं काही नाही, झिजणारं जवळजवळ काही नाही. वीज डिस्कच्या सहाव्या हिश्शाइतकी लागायची. लॅपटॉप सुरू व्हायला डिस्कवर एकेचाळीस सेकंद लागायचे, कार्डावर सतरा. तापमान तासाभरानंतर नऊ अंशांनी कमी. मी वहीत दोन रकाने आखून हे सगळं लिहिलं होतं. एकाही ओळीत कार्ड हरत नव्हतं.

मरायला टेकलेल्या डिस्कवरून एकेक फाइल चार-चार वेळा प्रयत्न करून मी कार्डावर उतरवली. एस्तेरबाईंची चारशे चौऱ्याऐंशीच्या चारशे चौऱ्याऐंशी पानं आली. जुन्या डिस्कवर ती एका फोल्डरमध्ये होती. मी ती बाहेर काढून कार्डाच्या सगळ्यांत वरच्या पातळीवर ठेवली, म्हणजे प्रोग्रॅमला आत शिरायचा एक टप्पा वाचेल. तेवढेच आणखी काही मिलिसेकंद. हे कुणी मला सांगितलेलं नव्हतं. मला ते नीटनेटकं वाटलं.

अकरा स्क्रू परत बसले. लॅपटॉप सुरू झाला. खोलीत काहीच ऐकू आलं नाही.

"चालू झालाय?" एस्तेरबाईंनी विचारलं.

"केव्हाच. बघा किती शांत."

त्यांनी तळहात कळफलकाशेजारी टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "फारच शांत आहे." मला ती शाबासकी वाटली.

दोन दिवसांनी मी पुन्हा गेले तेव्हा खोलीत जमादार सर उभे होते आणि एस्तेरबाईंच्या मांडीवर ब्रेलच्या कागदांची चळत होती. दोन दिवसांत त्यांनी एकेचाळीस पानं लिहिली होती. त्या सकाळी तपासणीसाठी छापायला घेतली तर छपाईचं यंत्र एकोणीस पानं ठोकून थांबलं. विद्युतधारेच्या परिणामांचा धडा अर्ध्या वाक्यात तुटला होता. पुढची बावीस पानं नव्हतीच.

सर म्हणाले, "बाई, माणूस दमतो. दोन दिवस सलग काम केलंत तुम्ही. जतन करायची कळ राहिली असेल."

"बावीस वेळा?"

"एकदा लय चुकली की चुकते."

"दाबली होती, सर. प्रत्येक पानाला."

त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पडदा उघडून बसले आणि कार्डावरच्या फाइलींच्या नावांची संख्या काढली. पाचशे बारा. आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. त्या लॅपटॉपच्या जुन्या व्यवस्थेत फोल्डरच्या आत हवी तेवढी नावं मावतात, पण सगळ्यांत वरच्या पातळीवर पाचशे बाराच. जुनी पानं चारशे चौऱ्याऐंशी, प्रोग्रॅमच्या फाइली आठ, कार्डाचं स्वतःचं नाव एक. उरल्या एकोणीस जागा. विसाव्या पानापासून प्रोग्रॅमने दर वेळी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक ओळ दाखवली असणार आणि पुढचं कोरं पान उघडलं असणार. ती ओळ वाचायला खोलीत कुणी नव्हतं.

"काय दिसतंय?" सरांनी विचारलं.

मी म्हणाले, "तपासावं लागेल."

हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. सरांनी मान हलवली. पुण्याच्या एका ब्रेल छापखान्याशी ते बोलले होते, उरलेलं पुस्तक ते घ्यायला तयार होते, आणि इथे सोमवारपासून टायपिस्ट. शनिवारपर्यंत काय ते कळवा, असं म्हणून ते निघून गेले. एस्तेरबाई कागदांच्या कडा सारख्या करत राहिल्या. मी कॉलेजात तास आहे म्हणाले आणि निघाले. त्या दिवशी मला तास नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा व्हायच्या आधीच मी त्यांच्या दारात होते. त्या कुलूप काढत होत्या.

"एस्तेरबाई, चूक माझी होती. तुमची नव्हती. मला कालच कळलं होतं."

त्यांनी कुलूप काढलं, खुंटीला अडकवलं, आत जाऊन खुर्चीत बसल्या. "आता सगळं सांग. अगदी पहिल्यापासून."

मी सांगितलं. फोल्डर, पाचशे बारा, एकोणीस. त्यांनी मध्येच थांबवून दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मग त्यांनी विचारलं, की पान जात नव्हतं तेव्हा कार्डाचा आवाज वेगळा येत होता का.

"कार्डाला आवाजच नसतो. जातानाही नाही, न जातानाही नाही."

"जुनीला होता." त्यांनी बोटाच्या नखाने टेबलावर वाजवून दाखवलं. आधी एक टक्, मग थोडा लांब खर्र, मग पुन्हा दोन टक्. "हे झालं की पान गेलं. नुसतं एक टक् आलं तर नाही गेलं, मग मी परत दाबायचो. तीन आठवड्यांमागे खर्र तुटक यायला लागला तेव्हाच मी सरांना म्हटलं, मशीनचा घसा बसलाय, कुणाला तरी बोलवा."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. डाव्या कानात इअरफोन, गळ्यात दुसरा. उजवा कान मोकळा आणि लॅपटॉपच्या बाजूला किंचित वळलेला. पहिल्या दिवशी तासभर मी हे बघितलं होतं. कुणी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून असेल, असं मनात धरून पुढे गेले होते.

"मग मला आधीच का नाही सांगितलंत? मी कार्ड बसवत होते तेव्हा?"

"तू इतकं मोजलं होतंस. मला वाटलं, नव्या वस्तूचं काहीतरी नवं असेल, दोन दिवसांत सवय होईल." मग जरा हसून म्हणाल्या, "आणि तू शांत शांत म्हणून इतकी खूश होतीस, की मीच म्हटलं, असू दे पोरीचं."

मी आधी सरांकडे गेले. चूक कुणाची, कशी, किती पानांची, हे उभ्यानेच सांगितलं आणि आदल्या दिवशी गप्प राहिले तेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. टायपिस्टचं थांबवा असं मी म्हटलं नाही. शनिवारचा दिवस द्या, इतकंच म्हटलं. त्यांनी अट घातली: शनिवारी बाईंनी ती बावीस पानं एकटीने लिहायची, शेजारी कुणी बसायचं नाही, आणि संध्याकाळी मी त्यांच्यासमोर मोजायची. बावीसच्या बावीस पूर्ण निघाली तर पुस्तक इथेच होईल. एक जरी कमी पडलं तर सोमवारी टायपिस्ट येईल.

परत खोलीत आल्यावर माझ्याकडे उपाय तयार होता. फोल्डरची चूक तर मी दहा मिनिटांत सुधारली. वर एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा, कार्डावर काही लिहिलं गेलं की लॅपटॉपचा स्पीकर टिक् वाजेल. कार्डाचा टिकाऊपणाही राहील आणि त्यांना आवाजही मिळेल. तासाभरात मी तो लिहून वाजवून दाखवला.

त्यांनी तीन-चारदा ऐकला. मग विचारलं, "हे पान गेलं म्हणून वाजतं, की पान पाठवलं म्हणून वाजतं?"

"कार्ड म्हणतं, मिळालं. मग वाजतं."

"म्हणजे कार्डाचा शब्द."

"हो. पण बाई, पडद्यावर वाचणारे आम्हीसुद्धा त्याच्याच शब्दावर चालतो."

"तुम्ही चालता. तुम्हाला उद्या शंका आली तर शेजारच्याला म्हणाल, जरा बघ रे. मला ते म्हणायचं नाही, म्हणून तर हे चाललंय." त्यांनी हात पुढे केला. "त्या दोन जुन्या डिस्क आहेत ना, त्या वाजवून दाखव."

पुण्याची डिस्क आधी लावली. खराब जागा शून्य. पण तिच्या फिरण्यालाच एक बारीक शिट्टी होती, न थांबणारी. त्यांनी एक पान लिहून जतन केलं आणि तोंड वाकडं केलं. शिट्टीच्या मागे टक् कुठे आणि खर्र कुठे, त्यांना वेगळं काढता येईना. मलाही येईना. कोल्हापूरची डिस्क लावली. फिरणं खालच्या पट्टीतलं, आणि लिहिताना स्पष्ट, खणखणीत खर्र. त्यांनी एक पान लिहिलं, दुसरं लिहिलं, आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"ही."

"हिच्यावर चौदा जागा खराब आहेत."

"त्या कुठे आहेत तुला माहीत आहे?"

"आहे. त्या वगळता येतात. पण पंधरावी कधी होईल ते कुणी सांगू शकत नाही. कार्डावर ती भीती जवळजवळ नाही."

"पंधरावी झाली तर वाजेल का?"

"बहुतेक वाजेल. अडखळेल."

"आणि कार्डाचं झालं तर?"

मी कार्ड हातात घेतलं. त्यांनीच पुढे सांगितलं, की कार्ड टाकून द्यायचं नाही. लॅपटॉपच्या कडेला जी फट आहे तिच्यात ते बसत असेल तर रोज निघताना दिवसभराच्या पानांची नक्कल त्यावर ठेवायची. ते बसत होतं. वहीतल्या दोन रकान्यांशेजारी मी तिसरा आखला आणि वर 'आवाज' असं लिहिलं. कार्डासमोर शून्य. पुण्याच्या डिस्कसमोर फुली. कोल्हापूरच्या डिस्कसमोर काय लिहायचं ते मला ठरवता आलं नाही, कारण ते मोजायचं साधन माझ्या कानात नव्हतं.

शनिवारी सकाळी नऊ चाळीसला त्यांनी दार लावून घेतलं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मुलं मैदानात घुंगराचा चेंडू खेळत होती, त्यामुळे आतलं काही ऐकू येत नव्हतं. दुपारी त्यांनी दार उघडून डबा खाल्ला, मला अर्धी भाकरी दिली आणि किती झाली ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. सर दोनदा व्हरांड्यातून गेले, दोन्ही वेळा काहीतरी दुसरं काम असल्यासारखे.

चारला दहा मिनिटं कमी असताना दार उघडलं.

"बावीस," एस्तेरबाई म्हणाल्या. "पाचशे सोळावं पान दोनदा जतन केलं. पहिल्यांदा ती अडखळली."

सर आत आले आणि खुर्ची ओढून माझ्या मागे बसले. एस्तेरबाई दारापाशी उभ्या राहिल्या, एक हात कुलपावर. मी पडदा पूर्ण उघडला, पान पाचशे चार ते पाचशे पंचवीस अशी यादी काढली आणि एकेक फाइल उघडून शेवटची ओळ पाहिली. मग डिस्कची सबंध तपासणी लावली. ती अठरा मिनिटं चालली.

पूर्ण पानं: बावीस. अपूर्ण: शून्य. खराब जागा: पंधरा, त्यातली एकही कुठल्या पानाखाली नाही.